छातीत तोंड असलेली माणसं

३ मार्च
सकाळी बँकेत गेलो. दुपारी झोप. संध्याकाळी वाचनालयात. ग्रंथपाल म्हणाले, महिनाअखेरीस एक भाषण द्या, घरात बसून काय करणार. दादा गेल्यापासून सगळे मला कामाला लावायला बघतात. हो म्हटलं. विषय मीच दिला: जुन्या युरोपियन प्रवाशांनी ‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणून लिहिलेलं कितपत खरं? भूमापन खात्यात जन्म गेला माझा. न मोजता कधी रेघ ओढली नाही. या मंडळींना सरळ करतो.

६ मार्च
एकाने छातीत तोंड असलेली माणसं लिहून ठेवली आहेत. दुसऱ्याने आपल्या दुप्पट उंचीची. लाज कशी वाटली नाही!
रात्री वहिनींकडे जेवायला. त्यांची बहीण आली होती. वहिनी म्हणाल्या, “भावजी, हिला सांगा ना ह्यांचं शेवटचं.” सांगितलं. दादा शांतपणे गेला, ‘हिला जप’ म्हणाला. आज त्याने माझा हात धरल्याचंही सांगून झालं. ते आधी नव्हतं. पण बहीण रडायला लागली, मग थांबता येईना.
खरं म्हणजे वहिनी तेव्हा घरी होत्या आणि मी खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होतो. वर आलो तोवर सगळं संपलं होतं. पण कँटीन त्याच इमारतीत आहे. म्हणजे मी तिथे होतोच.

११ मार्च
भाषणाचा मुख्य मुद्दा सापडला. एकाने ऐकीव लिहायचं, दुसऱ्याने ते स्वतः पाहिलं म्हणून लिहायचं, वर पदरचं घालायचं.
दूधवाला म्हणाला, “शेवटचं पाणी तुमच्याच हातचं घेतलं म्हणे त्यांनी.” पाण्याचं मी कधीच बोललो नव्हतो. दुरुस्त करणार होतो, पण घाई होती. त्याला नव्हती, मला.
रविवारी वहिनींना खरं सांगायचं. नक्की.

१६ मार्च, रविवार
वहिनींना सर्दी. सर्दी झालेल्या माणसाला असलं सांगू नये.

१९ मार्च
पुतणी नोकरी सांभाळून भाषण टाइप करते आहे. माझी कसोटी तिला फार आवडली: लिहिणारा नेमका कुठे उभा होता, ते आधी विचारा. “काका, एका प्रश्नात विकेट!” म्हणाली. फार बरं वाटलं.

२३ मार्च, रविवार
आज सांगायचंच म्हणून गेलो. वहिनी शेजारणीला दादाचं शेवटचं सांगत होत्या. हात, पाणी, सगळं. माझ्यापेक्षा छान सांगतात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भावजी जवळ होते, म्हणून तर मला झोप लागते.” आता कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्या झोपेसाठी गप्प बसलो. माझ्यासाठी नव्हे.
पुतणी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “काका, तुम्ही कुठे उभे होतात?”
खिडकीजवळ, म्हणालो.
“त्या खोलीला खिडकी नव्हती.”
मी चपला शोधत राहिलो. पायातच होत्या.
“आईला सांगत राहा,” ती म्हणाली. “मला नका सांगू.”

२९ मार्च
ग्रंथपालांना फोन केला. घसा बसलाय, उद्या जमणार नाही, असं खणखणीत आवाजात सांगितलं. ते म्हणाले, काळजी घ्या.
दुपारी वाळलेले कपडे काढले. घड्या घातल्या. मोठी चादर एकट्याने नीट होत नाही. एक टोक हनुवटीखाली धरलं आणि घातली कशीबशी.