कार्डिफच्या दगडावरची रिकामी जागा

मी, श्रीमती मधुमती पद्माकर सांगवडेकर, पूर्वाश्रमीची वांडा, जन्माने पोलिश, लग्नाने कोल्हापूरकर, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार बेलग्रेव्ह रोडमागे, लेस्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, किंबहुना हवी त्याहून जास्तच शाबूत आहे. हृदयाची एक झडप सोडली तर प्रकृतीही ठीक आहे. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे इथे लिहायची रीत आहे, ते मात्र मला लिहिता येत नाही. मी मेल्यावर माझ्या देहाचे काय करायचे यावरून मुलगा एका बाजूने आणि बहीण दुसऱ्या बाजूने मला ओढत आहेत. मी मधे दारात बोट चेमटल्यासारखी उभी आहे. त्याचा निकाल लावण्यासाठी हा कागद आहे. बाकीच्या वाटण्या ओघाने येतील.

घर आणि बँकेतली शिल्लक यांचे इंग्रजी मृत्युपत्र वकील अतुल दिघे यांनी करून दिले आहे. ते सरकारदरबारी जाईल आणि मागेल त्याला वाचता येईल. कोणाला काय, ते त्यात आहे. का, ते इथे आहे. हा मराठी कागद फक्त माझी मुले गिरीश आणि मीनल यांच्यासाठी. मीनलला मराठी नीट वाचता येत नाही, तेव्हा गिरीशने तिला वाचून दाखवावा आणि वाचताना काही गाळू नये.

कलम १. राहते घर गिरीश आणि मीनल यांना सारखे. सूनबाई रेखा हिला पुढच्या खोलीतला वॉलपेपर पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपतो, हे मला ठाऊक आहे. मी गेल्यावर तिने तो खुशाल ओरबाडून काढावा.

कलम २. शिलाई मशीन मीनलला. ती ते वापरणार नाही, पण विकणारही नाही. तुमच्या बाबांच्या हाताला शिवणाचे वळण होते, म्हणूनच आम्हाला इथे येताच होजिअरीच्या कारखान्यात काम मिळाले. युद्धाने आमचे घर मोडले, आम्हाला सैबेरियात टाकले आणि तिथून इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आणले, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बरोबर आई आणि पाच वर्षांची धाकटी बहीण हालिना. वडील वाटेतच राहिले. छावणीच्या बाजारात तुमच्या आजोबांचे कापडाचे दुकान होते, तिथे तुमचे बाबा मापे घेत. त्यांनी मला आधी मराठी अंक शिकवले, मग शिव्या, मग उरलेली भाषा. सतराव्या वर्षी मी त्यांच्याशी लग्न केले. आई लग्नाला आली नाही आणि तिने हालिनालाही येऊ दिले नाही.

कलम ३. मोठी पितळी परात रेखाला. हिच्यात तांदूळ पसरून माझे नवे नाव अंगठीने लिहिले होते. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हते. शेजारच्या काकूंनी कानात सांगितले, तेव्हा कळले की मी मधुमती झाले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. नव्या सुनेचे नाव बदलायचेच असते, गोरी असली म्हणून काय झाले! सासूबाईंनी मला पांढरा रस्सा शिकवला आणि गिरीशच्या वेळी माझी पोटच्या मुलीसारखी काळजी घेतली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या दिवसापासून कोल्हापुरात वांडा नावाची कोणी उरली नाही.

कलम ४. इथल्या मराठी मंडळाला काहीही नाही. दर गणपतीला मला स्टेजवर उभे करून “बघा, मॅडम किती छान मराठी बोलतात!” म्हणून टाळ्या पिटतात. पन्नासेक वर्षे बोलते आहे, आता तरी आवरा. माझ्या शोकसभेत हे वाक्य कोणी उच्चारले तर मीनलने माईक बंद करावा.

कलम ५. लग्नातला फोटो रोझीला. रोझी ही हालिनाची मुलगी, कार्डिफला शाळेत इतिहास शिकवते. युद्धानंतर छावण्या-छावण्यांतून पांगलेल्या घराण्यांचा माग काढायचे तिला वेड आहे. आमची आई आणि हालिना वळिवड्याहून बोटीने निघाल्या, वेल्समधल्या दुसऱ्या छावणीत पोचल्या आणि पुढे कार्डिफला स्थायिक झाल्या, हे मला रोझीकडूनच कळले. १९८८ साली ती कोल्हापूरला गेली, ती माझी कबर शोधायला. कारण त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होते की वांडा वळिवड्याला टायफॉइडने गेली. कबर सापडेना, म्हणून तिने दुभाष्या घेऊन गावात विचारायला सुरुवात केली, आणि जिथे तिथे वांडा, वांडा असे विचारले. लग्न झालेल्या बाईला माहेरच्या नावाने कोल्हापुरात कोण ओळखणार? शेवटी एका कासारणीने, जिने माझ्या हातात चुडा भरला होता, तिलाच उलटे विचारले, “ती गोरी सून व्हय? सांगवडेकरांची मधुमती? अगं, ती मेली कुटं? ती लेस्टरात हाय न्हवं!” कार्डिफहून निघालेली पोर कोल्हापूरला जाऊन लेस्टरचा पत्ता घेऊन परत आली.

पुढच्या महिन्यात हालिना माझ्या दारात होती. तिने माझी साडी पाहिली, कुंकू पाहिले (तेव्हा तुमचे बाबा होते), आणि गळ्यात पडून हमसून हमसून रडली. “आईला कोणीतरी फसवलं गं,” ती पोलिशमध्ये म्हणाली. “बिचारी शेवटपर्यंत तुझ्या नावाने मेणबत्ती लावायची.” मी तिला आत घेतले आणि चहा टाकला. काही बोलले नाही. पाच वर्षे झाली, अजून बोललेले नाही.

कलम ६. हे कलम हालिनाच्या किंवा रोझीच्या कानावर कधीही जाता कामा नये.

आईला कोणी फसवले नाही. छावणी उठायच्या आदल्या दिवशी मी हिरव्या चुड्याने निरोप घ्यायला गेले. आईने मला बराकीत घेतले नाही. कुंपणापाशीच उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “बोटीवर हालिनाला सांगणार आहे, मागून तार आली, तू टायफॉइडने गेलीस. जिवंत आहेस असं कळलं, तर ती रोज तुझी वाट बघेल. मेलेल्याची कोणी वाट बघत नाही.” हालिना खिडकीत उभी राहून मला हात हलवत होती. ती समजत होती, मी उद्या पुन्हा येणार.

आपल्याकडे एखाद्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होतात. आईने तेच केले, फक्त पाणी न घेता. ती मला शिक्षा होती की हालिनावर दया, हे मला आजही ठरवता येत नाही. मला तिचा राग येतो. ती एकोणसत्तर साली कार्डिफला वारली, आणि तेव्हा मी इथे लेस्टरला, आगगाडीच्या अंतरावर, तिने कधी न पाहिलेल्या नातवंडाला, मीनलला, भात भरवत होते. हे आठवले की आजही ताटावरून उठावेसे वाटते.

तुम्ही म्हणाल, मग हालिनाला सांगून का टाकत नाहीस? तिचा नवरा रोझी तान्ही असतानाच निघून गेला. आईने दोन दोन ठिकाणी फरशा पुसून त्या दोघींना उभे केले. हालिनाकडे आयुष्यात धरायला एक आईच होती. ती मी आता तिच्या हातून काढून घेऊ? आणि घेऊन करू काय?

तेव्हा महिन्यातून एकदा हालिना मला कार्डिफला नेते. आम्ही दोघी गुडघे टेकून आईच्या थडग्यावरचे गवत उपटतो. “आईशी बोल की. लाजतेस काय?” ती म्हणते. मी मराठीत बोलते. काय बोलते ते इथे लिहीत नाही. हालिनाला वाटते, मी प्रार्थना करते, आणि ती मला बिलगून उभी राहते.

कलम ७. माझा देह. आईच्या दगडावर तिच्या नावाखाली माझे नाव होते: मुलगी वांडा, मृत्यू कोल्हापूर. मी सापडल्यावर हालिनाने ती ओळ घासून काढायला लावली. आता तिथे वीतभर गुळगुळीत जागा आहे. “इथे तू, मग मी,” ती म्हणते. “या वेळी कोणी कोणाला मागे ठेवून जायचं नाही.”

गिरीशला हे अजिबात मान्य नाही. “आपल्यात पुरत नाहीत, आई. मावशी पाच वर्षांपूर्वी उगवली, तिला काय राइट आहे? बाबांच्या अस्थी पंचगंगेत गेल्या, तुझ्यापण तिथेच जाणार.” मीनल मँचेस्टरहून फोनवर ओरडते, “आई, तुझी बॉडी, तुझा चॉइस! मी सांगते ना दोघांना, हा भांडण बंद करा.” वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, या देशाच्या कायद्यात देह ही मालमत्ता नाही, त्यामुळे तो कोणाला देता येत नाही, फक्त इच्छा कळवता येते. म्हणजे परात देण्याचा हक्क आहे, स्वतःला देण्याचा नाही.

मला काय हवे, हे मला विचाराल तर एका वाक्यात सांगते. मला तुमच्या बाबांच्या वाटेने जायचे आहे. त्या बाईशेजारी मला एक रात्रही निजायचे नाही.

तरीही, पूर्ण विचारांती, माझी इच्छा अशी. हालिना माझ्याआधी गेली, तर मला लेस्टरला मधुमती म्हणून दहन द्यावे, अस्थी पंचगंगेत सोडाव्यात आणि गिरीशने त्याच्या मनासारखे सगळे विधी करावेत. तिच्यामागे कार्डिफला कोणाचे मन राखायचे उरणार नाही. मी हालिनाआधी गेले, तर मला कार्डिफला न्यावे, आईशेजारी पुरावे, त्या जागेवर वांडा कोरू द्यावे, आणि कोणीही चेहरा वाकडा करू नये. गिरीश, तुला हे जड जाईल. मला माहीत आहे. हालिना रडली तर तिचा हात धर, आणि ती आईचे गुणगान करू लागली तर मान हलव.

म्हणजे मला सुटायचे, तर आधी हालिनाने मरायला हवे. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, घोड्यासारखी चालते, आणि तिला उदंड आयुष्य मिळावे अशी माझी रोजची प्रार्थना आहे. तेव्हा कार्डिफच, असे धरून चाला.

सही: मधुमती पद्माकर सांगवडेकर

आम्ही खालील दोघे शेजारी. बाईंनी आमच्यादेखत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, या कागदावर सही केली, आणि त्यानंतर आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही. वाचू नये अशी बाईंनी सक्त ताकीद दिली होती.

साक्षीदार १: जयंत शंकर उपळेकर, केमिस्ट
साक्षीदार २: शशी मोहन राजाध्यक्ष, शिक्षिका

स्थळ: लेस्टर
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९३