मामा तपासणीच्या टेबलावर

चि. बबडीस मामाचा भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी मामी ठीक असल्याचं सांगते (यातला फरक पुढे येईल). जेवतेस ना वेळेवर? फोनवर तुझा आवाज पार उतरलेला होता. हातांनी चाचपून दुखणं ओळखायचं आणि हातांनीच ते हलकं करायचं, ती तुमची ऑस्टिओपॅथी तुला जमत नाही, हाताखाली काही म्हणजे काही कळत नाही, सोमवारी नाव काढून घेणार, एवढं बोलून तू फोन ठेवलास.

म्हणून काल तुला न सांगता तुझ्या बाईंना भेटायला कॉलेजात गेलो. रागावू नकोस, पुढे वाच. दारातल्या कारकुनाने विचारलं, "सरावासाठी झोपायला आलात ना, काका?" मला कोणी प्रेमाने विचारलं की नाही म्हणवत नाही (याच स्वभावापायी मी वर्षानुवर्षं आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे). बघता बघता मी बनियनवर उंच टेबलावर पालथा आणि भोवती तुझा वर्ग, तू तेवढी नव्हतीस. बाई म्हणाल्या, आज काही दुरुस्त करायचं नाही. हात ठेवा, गप्प राहा, जाणवेल ते येऊ द्या. पहिल्या उंच पोराने भोपळा पारखावा तसं मला दाबलं. चष्मेवालीचे हात इतके गार की जे काही जाणवलं ते मलाच. तिसऱ्याने डोळे मिटून गंभीरपणे जाहीर केलं, की कमरेखाली काहीतरी टणक, फार जुनं अडकलंय. खरंच जुनं होतं. मागच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा.

मग बाईंनी हात ठेवला. दाब नाही, घाई नाही. झोपलेल्या बाळावरून आपण हात काढत नाही, तसा. मला इतकं मोकळं वाटलं की तुझं सगळं सांगून टाकलं (वर्गासमोर, माफ कर). त्या हसल्या. म्हणाल्या, "ती एकटीच 'कळलं नाही' असं खरं सांगते. फक्त लाजून हात लवकर काढते. तिला म्हणावं, नाही कळलं तरी राहू दे हात."

तेव्हा नाव काढून घ्यायचं नाही. बाकी सगळं तुला पाहिल्यावर.

तुझा मामा

ता. क. घरी येऊन मामीवर प्रयोग केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मागून खांद्यावर हात ठेवून गप्प उभा राहिलो. म्हणाली, "काय फोडलंत?" मी हात काढला नाही. बऱ्याच वेळाने तो ताठलेला खांदा हळूच खाली आला. म्हणाली, "हात वर जात नाही हो हल्ली. वरचे डबे तुम्हाला काढायला लावते ते काय हौस म्हणून?" डॉक्टरकडे चल म्हटलं, तर आधी बबडी बघेल म्हणते. तू सगळं सोडायला निघालीस हे तिला ठाऊक नाही आणि सांगायची माझी छाती नाही. रविवारी ये. नुसता हात ठेव. तू म्हणालीस तर डॉक्टरकडेही येईल ती.

आणखी एक. वरच्या फळीवरची काचेची बरणी मी खरंच फोडली होती. तुकडेसुद्धा गुपचूप खाली नेऊन टाकले होते. तिला ते माझ्या नुसत्या हातावरून कसं कळलं, एवढं सोमवारी बाईंना विचार.