लहान पडलेली चीर

एल्म क्रीक, मिनेसोटा
६ फेब्रुवारी १९५७

ति. गर्टीताईस,
धाकट्या सेल्माचा सा. न. वि. वि.

आज सगळ्यांच्या आधी टपकली ती शेजारची ओपल. माझ्या कॉफीला उकळीसुद्धा फुटली नव्हती. बुटांचा बर्फ पुसल्या फरशीवर झटकून बसली. नवऱ्याचा गुडघा झाला, पाद्रीबाईंची नवी टोपी झाली (अंड्यांवर रवण बसलेली कोंबडी दिसते म्हणे), आणि मुद्द्याचं बोलली ती दाराची कडी हातात धरून.

व्हॅलेंटाइनच्या दिवशी शाळेत प्रत्येकानं प्रत्येकाला कार्ड द्यायचं, कुणाला वगळायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. आपला दुकानदार एकेका पोरासाठी वर्गातल्या बाकीच्या पोरांपुरत्याच कार्डांची पाकिटं मागवतो, वर बाईंसाठी एक मोठं कार्ड. ती मागणी त्यानं उन्हाळ्यातच केली. आपली मार्लिस आली नाताळानंतर. म्हणजे गावातल्या प्रत्येक पाकिटात एक कार्ड कमी, आणि ते हिचं. ओपलच्या नातवानं, व्हर्लिननं, आपल्या कार्डांवर नावं लिहूनही टाकलीत.

पोरगी जिन्यात बसून ऐकत होती, मला काय माहीत! ओपल गेल्यावर खाली आली नि म्हणाली, "आजी, मी वर्गात जास्तीची आहे का?"

ताई, मला घास उतरेना. आईबाप डकोटात धरणाच्या कामावर, नवी शाळा, त्यात हे. मी मात्र हसून म्हटलं, चल, तू वाटायची कार्डं घरी करू. भिंतीच्या कागदाच्या नमुन्यांचं जुनं पुस्तक काढलंय, पिठाची खळ शिजवलीय. बाहेर हाडं गोठतात. तुझी कंबर कशी आहे?

लोभ आहेच, तो शेगडीजवळ ठेव.
तुझी सेल्मा


फार्गो
१० फेब्रुवारी १९५७

चि. सेल्मास आशीर्वाद.

कंबर माझ्यापेक्षा तरुण आहे. तू लहानपणापासून घास उतरत नाही म्हणतेस आणि ताटात काही उरत नाही. शाळेत जाऊन बाईंना सरळ सांग, त्या पोरांना सांगतील. जाळीदार कागद पाठवतेय, केकखालचे आहेत, धुतलेत. पोरीला माझा पापा दे.

वडीलकीनं रागावले, माया तेवढीच आहे.
गर्टी


एल्म क्रीक
१५ फेब्रुवारी १९५७

ति. गर्टीताईस सा. न. वि. वि.

बाईंना सांगायला कोट चढवला होता, पण मार्लिस दारात आडवी आली. सांगून मिळालेलं कार्ड नको म्हणाली. बापाचा हट्ट, दुसरं काय! कार्डं गोळा करायला प्रत्येकानं शाळेत आपला खोका न्यायचा असतो, मग मी तिच्या बुटांच्या खोक्याला गुलाबी कागद चिकटवला आणि कार्डं टाकायची चीर मुद्दाम बोटभरच ठेवली. कुणी डोकावलं तर आतलं रिकामपण दिसू नये, एवढंच माझं शहाणपण.

काल मी दिवसभर खिडकीशी. भट्टीतला पाव करपला. आणि बघते तर मार्लिस खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून येतेय आणि मागं वर्गातली पोरं, रस्ताभर कलकलाट. खोक्याच्या चिरेतून कार्डं अर्धी बाहेर, वर दोरीनं बांधलेला ढीग वेगळाच.

झालं होतं असं. घरोघरी एक कार्ड कमी पडलं, आणि प्रत्येक पोरानं, दुसऱ्याला न विचारता, बाईंचं मोठं कार्ड मार्लिसच्या नावे लिहिलं! व्हर्लिननं तर 'माझ्या लाडक्या बाईंना' हे छापील खोडून खाली 'मार्लिसला' घातलंय, आणि वरचं 'लाडक्या' खोडायला विसरला. सगळे त्याला चिडवून चिडवून हैराण करतायत. एवढी मोठी कार्डं कुणाच्या खोक्यात नाहीत. माझी चीर लहान पडली, ताई! जन्मात इतक्या आनंदानं कधी चुकले नव्हते.

बाईंच्या टेबलावर मात्र एकच कार्ड, आपल्या मार्लिसनं केलेलं, तुझ्या जाळीचं. बाई हसून हसून डोळे पुसत होत्या म्हणे. पण पोरांची तोंडं उतरली. मग डार्लीन नावाच्या एका शेपटीवालीनं ठरवलं, सगळ्यांचं मिळून बाईंना एक दारभर कार्ड करायचं, आणि ते येतं कुणाला, तर मार्लिसला. म्हणून ही वरात माझ्या स्वयंपाकघरात. काकवीची बिस्किटं डब्यासकट संपली. मार्लिस खुर्चीवर उभी राहून कागद निवडून देत होती, आणि व्हर्लिन तिला विचारल्याशिवाय खळीला हात लावत नव्हता.

रात्री मी म्हटलं, झोप आता. तर म्हणते, "आजी, पुढल्या वर्षी चीर मोठी काप."

ओपलला सगळं मीच जाऊन सांगितलं, बुटांचा बर्फ दारात न झटकता, तिच्या पुसल्या फरशीवरून.

तुझी माया अशीच राहू दे, आणि जाळ्या आणखी पाठव.
तुझी सेल्मा

ता. क. कार्ड अर्धंच झालंय. पोरं आपापल्या कात्र्या घेऊन उद्या शनिवारी, जेवण झाल्या झाल्या, परत येतो म्हणून सांगून गेलीत.