एका बटणात दोन्ही

३ जून, सकाळी १०
आजपासून काम सुरू. मुलीच्या हॉलमध्ये एकच सेट मावतो. म्हणून माझा जुना स्टीरिओ आणि जावयाने आणून टाकलेलं होम थिएटर, दोन्हींची मिळून एक सिस्टीम करायची. गाणंही तिच्यावर, सिनेमाही तिच्यावर. इथे नीट चालवून बघायची आणि मग ती घेऊन मुलीकडे कायमचं राहायला जायचं. ही अट मीच घातली. मुलगी म्हणाली, किती दिवस लागतील बाबा? म्हटलं, आठ. पस्तीस वर्षं नकाशे काढले, चार वायरी जोडायला आठ दिवस म्हणजे जास्तच सांगितले.
हिला जाऊन चार महिने झाले. एकट्याने या घरात राहण्यात अर्थ नाही, हे मला पूर्ण पटलेलं आहे.

४ जून
आराखडा काढला. संगीत निळ्या शाईत, सिनेमा लाल शाईत. देखणा झालाय. वायर एकही जोडली नाही, पण पाया पक्का झाला.

९ जून, दुपारी
जोडलं. संगीत उत्तम. सिनेमात माणसं पुटपुटतात आणि मागून मोटारी अंगावर येतात. कारण लगेच सापडलं. पुढचे दोन मोठे स्पीकर जुन्या ॲम्प्लिफायरवर आहेत, त्यामुळे सिनेमाच्या वेळी त्याचं आवाजाचं बटण पुढे न्यावं लागतं. ते नेता येत नाही. माझा हात जड, म्हणून हिने तिथे नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. याच्या पुढे गेलात तर मी स्वयंपाकघरातून बाहेर येईन, अशी तंबी होती. जुनी बटणं उगाच फिरवू नयेत, खरखरतात. अडचण तांत्रिक आहे.

१२ जून
आठ दिवस संपले. मुलीचा फोन आला तेव्हा मी टीव्हीच्या कपाटामागे होतो. शिरताना पोट आत घेतलं होतं, ते आता बाहेर आलं होतं. म्हणाली, आवाज कोंडल्यासारखा का येतोय? म्हटलं, हॉलमध्येच आहे. खोटं नव्हतं.
अर्ध्या तासाने शेजारच्या वहिनी त्यांच्याकडची किल्ली लावून आल्या आणि कपाट ओढलं. म्हणाल्या, भावोजी, लपायचं तर निदान शोधणारं कुणी तरी हवं ना. मग घाईघाईने कपाट परत ढकलून गेल्या.
आणखी आठ दिवस पुरेत.

२१ जून, संध्याकाळी ६
केवळ चाचणी म्हणून बटण ठिपक्याच्या पुढे नेलं. बरंच पुढे. खिडकीच्या काचा थरथरल्या. पाणी प्यायचं होतं म्हणून दोन-तीन मिनिटं स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. पाणी प्यायचं राहिलं. बटण परत ठिपक्यावर आणलं.
चाचणी अयशस्वी. आराखडा नव्याने काढणार.

१ जुलै
मुलगी चिडली. म्हणाली, सिस्टीम गेली खड्ड्यात, तुम्ही या. म्हटलं, काम अर्धवट टाकणारा माणूस नाही मी. म्हणाली, हो का? मग आईचं कपाट अर्धं आवरून का ठेवलंय? तो विषय वेगळा होता. तसं सांगणार होतो, पण तिने फोन ठेवला.
तिसरा आराखडा हातात घेतला आहे. हिरवी शाई आणली.

५ जुलै
मुलीने न विचारता मेकॅनिक पाठवला. चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची. म्हणाला, काका, मागे बायपासचं सॉकेट आहे की, ते काय शोभेला ठेवलंय? सिनेमाची वायर त्यात खोचली. आता सिनेमाचा आवाज सगळा रिमोटवर. जुनं बटण फक्त गाण्यापुरतं, ठिपक्यावर आहे तिथेच राहील. हात लावायचं कारणच नाही.
ते सॉकेट माझ्या आराखड्यात पहिल्यापासून होतं. त्यासमोर 'नंतर पाहू' असं मीच लिहिलेलं.
विचारलं, बिघडेल कधी? म्हणाला, काका, वीस वर्षं काळजी करू नका. फार आनंद झाला. त्याच्यादेखत मुलीला फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, मग रविवारी दहाला येते.

६ जुलै
डाव्या स्पीकरमध्ये बारीक गुणगुण आहे. अशा अवस्थेत सिस्टीम हलवणं धोक्याचं. रविवार रद्द करावा लागेल, असं मुलीला कळवलं. तासाभरात मेकॅनिक हजर. कान लावून म्हणाला, काही नाही हो काका. म्हटलं, माझे कान तयार आहेत. त्याने पंखा बंद केला. गुणगुण थांबली.
जाताना म्हणाला, जाताय कुठे एवढ्यात? म्हटलं, मुलीकडे. म्हणाला, मजा आहे तुमची.

८ जुलै, रविवार, सकाळी ९.२०
सहापासून पंखा बंद करून डाव्या स्पीकरला कान लावून बसलो. मग उजव्याला. मग मधल्याला, मग मागच्या दोन्हींना. गाणं लावून ऐकलं, सिनेमा लावून ऐकला.
सगळं उत्तम चालतंय.