गोखिवऱ्याच्या खोलीतली मुलगी

आई, तू मला जे शिकवलंस तेच मी आता दुसऱ्यांच्या मुलींना शिकवते, आणि ते बरोबर आहे का, हे विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही. बालगृहातल्या मुलींना अठरा वर्षं पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं. त्याआधी मी त्यांना तयार करते. खोली कशी बघायची, सिलिंडर कसा लावायचा, बँकेत कसं बोलायचं. शिकवताना भुईगावची आपली पडवी आठवते. मी पंधरा-सोळाची, तापाने फणफणलेली; तू भाजीची टोपली भरतेयस. डॉक्टरकडे सोबत चल म्हटलं तर खेकसतेस, "पाय हायेत ना तुला? माझा पदर किती दिस धरनार? मी काय तुला जन्माला पुरनार हाय?" मी रडत एकटी गेले. पुढच्याच वर्षी तू गेलीस. त्या खेकसण्यामुळेच मी उभी राहिले, असं मुलींना सांगत आले.

यंदा बाहेर पडलेल्यांतली एक फार धीट. गोखिवऱ्यात खोली घेतली, कामणच्या गोदामात पॅकिंगचं काम धरलं. पंधरा दिवसांपूर्वी तिच्यासोबत कामाला असलेल्या मुलीने कळवलं, ती कामावर येत नाही, फोनही उचलत नाही. मी धावत गेले. दार नुसतं लोटलेलं. ती चटईवर पडलेली, अंगाचा विस्तव, ओठ सुकलेले. फोन उशाशीच. "अगं, मला सांगायचं नाही?" मी ओरडलेच. ती हसायला बघत होती. "ताई, तुम्हीच बोललात ना, आता आपलं आपण बघायचं. मी बघत होते."

डेंग्यू निघाला. दवाखान्यात नेताना रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एवढं सगळं शिकवलं, पण दुखलं-खुपलं तर हाक मार, हे सांगायचं राहूनच गेलं. तू तरी मला कुठे सांगितलं होतंस?

दवाखान्यातून तिला माझ्या घरी आणलं, पेज करून घातली. काल ती पिशवी भरून दारात उभी. "ताई, जाऊ ना मी? अजून खाडे झाले तर काढून टाकतील."

"पोचलीस की फोन कर. आणि रोज कर."

"रोज?"

"रोज."

पोचल्याचा फोन आला. आजचा अजून नाही. हे लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते आई, ती "नाही जात" म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.