बाईंच्या वतीने

रत्नागिरी,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुणवंतीबाईंना,
रेणुकाचा सप्रेम जय भीम.

तब्येतीची चौकशी करायला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या सुनेनं, सलोनीनं उचलला आणि आई झोपल्यात म्हणून सांगितलं. सकाळी अकरा वाजता तुम्ही जन्मात कधी झोपला नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबरच. म्हणून हे पत्र.

शाळेत तसं बरं चाललंय. पटावर एकोणीस मुलं, त्यातली सध्या पाच खोकल्यानं घरी. पाण्याची मोटर पुन्हा जळली. पावस गावाच्या बाजूला यंदा आंब्याला मोहोर उशिरा आला, त्यामुळे पालकसभेला बागायतदार मंडळी फारशी आली नाहीत. आली ती तोंड पाडून बसली. नोव्हेंबरापासून तुम्ही घरी आहात, पण तुमच्या जागी अजून कोणी दिलेलं नाही. चारही वर्ग मीच घेते. दुसरीतली दीपाली रोज विचारते, बाई कधी येणार? मी म्हणते, बघू. नऊ वर्षं तुमच्याबरोबर काढली, पण 'बघू' म्हणून वेळ मारून नेणं मी तुमच्याकडून शिकले नाही, ते माझं स्वतःचं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या जूनमध्ये दहा महिन्यांच्या आजारी रजेवरून तुम्ही परत आलात, तो दिवस मला रोज आठवतो. पक्षाघातानं उजवा हात अधू झालेला, शब्द मध्येच अडकायचा. पण फिटनेसचा दाखला पिशवीतून काढून तुम्ही स्वतः टेबलावर ठेवलात. मी लगेच खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, तुम्ही नुसत्या बसा. त्या दिवसापासून मी तुमची हजेरी भरली, तुमच्या वर्गाची, रोजच्या पाठांची टाचणवही लिहिली, फळ्यावर तारीखसुद्धा मीच घातली. वाडीत माझं कौतुक झालं. रेणुकाबाई म्हणजे देवमाणूस, असं लोक म्हणायला लागले. मलाही ते खरं वाटायला लागलं.

जुलैत एकदा मी खिचडी बघायला गेले होते. परत येताना तुमच्या वर्गाच्या खिडकीशी थांबले. तुम्ही चिंचोके मांडून सातचा पाढा घेत होतात. "सात पाचे" म्हणालात आणि अडकलात. एकही पोर हसलं नाही. सगळी तुमच्या तोंडाकडे बघत गप्प बसली होती. किती वेळ गेला असेल, अर्धं मिनिट? मग तुम्ही "पस्तीस" म्हणालात आणि वर्ग मागून ओरडला. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. तेव्हा मी आत शिरले आणि उरलेला पाढा धडाधड म्हणून टाकला. दीपाली म्हणाली, "आमाला बाईंचं समजतंय." मी तिला गप्प बसवलं. तुम्ही खडू ठेवलात आणि मला हळूच म्हणालात, "रेणुका, माझी पोरं थांबतात गो. तू पण थांब."

मी थांबले नाही.

सप्टेंबरात केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं, बाई, पाच मिनिटं पाठ घ्या. तुम्ही फळ्याशी गेलात. तोंड उघडलंत, शब्द येईना. पोरं सवयीनं वाट बघत बसली. साहेबही थांबले होते, बाई, ते मी पाहिलं. आणि मी म्हणाले, "साहेब, बाईंना आता जमत नाही. दोघींचे वर्ग मीच सांभाळते." साहेबांनी वहीत तेच लिहिलं. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत आणि त्यानंतर शाळेत एक अक्षर बोलला नाहीत.

सगळे म्हणतात, रेणुकानं तुमची अब्रू वाचवली. सलोनीलाही तसंच वाटतं. पण तिनंच मला जूनमध्ये डॉक्टरांचं सांगणं सांगितलं होतं: वेळ लागेल, पण त्यांना बोलू द्या, काम करू द्या, त्यांचं औषध तेच. मला सगळं माहीत होतं.

खरं सांगते. तुमच्या रजेत ही शाळा पहिल्यांदा 'रेणुकाबाईंची शाळा' झाली होती. नऊ वर्षं मी 'दुसऱ्या बाई' होते. तुम्ही परत आलात त्या सकाळी पोरं माझ्या हातातली पुस्तकं पाडून तुमच्याकडे धावली. मला हेवा वाटला. आजारातून उठलेल्या बाईचा हेवा. तो मी सेवेखाली झाकला आणि तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवलं.

साहेबांच्या शेऱ्यावरून चौकशी व्हायची, त्यापेक्षा स्वेच्छानिवृत्ती बरी, असं नोव्हेंबरात सगळ्यांनी समजावलं. तो अर्जही मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. 'प्रकृतीमुळे अध्यापन करणे शक्य नाही' हे वाक्य माझं आहे. तुम्ही डाव्या हातानं फक्त सही केलीत. ती करताना तुमचे डोळे भरले होते, आणि मी कागद सरकू नये म्हणून धरून बसले होते.

काल तालुक्याला जाऊन विचारून आले. निवृत्ती अठ्ठावीस तारखेला लागू होते. तोपर्यंत अर्ज मागे घ्यायची विनंती करता येते. ती मान्य होईलच असं नाही. मी माझा जबाब कार्यालयात देऊन आले आहे: तुम्ही शिकवत होतात, मी शिकवू दिलं नाही, टाचणवहीतलं अक्षर माझं आहे. त्याची प्रत सोबत आहे. माझं काय व्हायचं ते होईल. तुम्ही परत आलात तरी कदाचित मी तिथे नसेन, आणि तेच बरं.

जबाबामागे एक कोरा कागद जोडला आहे. विनंतीचा मसुदा मला तोंडपाठ आहे, दहा मिनिटांत लिहून झाला असता. लिहिलेला नाही. डाव्या हातानं, लागेल तेवढा वेळ घेऊन, काय लिहायचं ते तुम्ही लिहा. काहीच लिहायचं नसेल तर तेही तुमचंच.

तुमच्या वाट्याचं बोलून बसलेली,
रेणुका