घड्याळातला पाक

आश्विन शुद्ध त्रयोदशी, १९५८. संध्याकाळ.

तालुक्याहून आलेल्या सरकारी बाईंनी आज आम्हा बायकांना राजगिऱ्याच्या वड्या शिकवल्या. आम्हाला. दर कोजागिरीला घरोघर थापतो त्याच. मनगटावरचं घड्याळ बघून म्हणे, गूळ बरोबर दहा मिनिटं उकळायचा. पाकाचा थेंब टाकून बघायला पाण्याची वाटी पुढे करत सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाई, पाक घड्यायमा नही, पानीमा देखतस." बाईंची नजर घड्याळावरून हलेना. मी तरी का गप्प बसले? गूळ करपला, वड्या उलथन्याने खरवडाव्या लागल्या. वर म्हणतात कशा, तुमचा गूळच वाईट. मग वही पुढे केली: 'महिला वडी करण्यास शिकल्या.' सासूबाई अंगठा न देता उठून गेल्या. सही मी केली. घरात शिकलेली मी एकटीच ना.